कोरांडाला दिलेलं विरजण

"भिंतीला बरं वाटत नाहीये," असा निरोप झैतून बाकारीनं धाडला, तेव्हा डॉ. रेवती खवणेकर आधी हसलीच. झैतून ही कोरांडा देशाची मुख्य सागरी अभियंता. पन्नाशीची बाई, आकड्यांशिवाय तोंड न उघडणारी. आणि ती एका समुद्रभिंतीबद्दल घरातल्या आजारी सासूबद्दल बोलावं तसं बोलत होती. पण हसू ओसरल्यावर रेवतीला चैन पडेना. ती भिंत खरोखरच जिवंत होती, आणि हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनंच ती जन्माला घातली होती. जिवंत वस्तू आजारी पडते, आणि वेळेवर इलाज झाला नाही तर मरतेही.

कोरांडा म्हणजे हिंदी महासागरातली अकरा बेटं. सगळा देश मिळून आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यात दोनदा मावला असता. वस्ती एक्केचाळीस हजार. मशिदीचा मनोरा सोडला तर देशातली सगळ्यांत उंच जागा समुद्रसपाटीपासून सव्वादोन मीटर. २०३९ सालच्या मोठ्या भरतीत तिथली दोन बेटं माणसांसकट गेली होती. एरवी अशा देशाची विचारपूस कोणी केली नसती. पण त्याच्या दक्षिण बेटाला निसर्गानं एक खोल, शांत बंदर देऊन ठेवलं होतं, आणि महासागरातली निम्मी तेलवाहू जहाजं त्या बंदराच्या दारावरून जात. त्यामुळे दोन मोठ्या राष्ट्रांना कोरांडाचा एकाएकी फार कळवळा आला होता. दुसऱ्या राष्ट्रानं त्यांना विमानतळ दिला, क्रीडांगण दिलं, संसदेची नवी इमारत दिली. आपल्या देशानं त्यांना भिंत दिली.

भिंत रेवतीच्या प्रयोगशाळेतून आली होती. सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ तिची छोटी प्रयोगशाळा होती. तिथं बारा वर्षं खपून तिनं एक जंतू घडवला होता. समुद्रातली गोगलगाय पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती शंख बांधते, तसा हा जंतू स्वतःभोवती चुनखडीचं कवच बांधायचा. एका जंतूचं कवच धुळीच्या कणाहून लहान. पण अब्जावधी जंतू काथ्याच्या जाळ्यावर बसवून जाळं समुद्रात उभं केलं की वर्षभरात पाच मीटर उंच दगडी भिंत तयार व्हायची. शिवाय ती भिंत स्वतःची डागडुजी स्वतःच करायची. अलीकडचा समुद्र आंबट झाला आहे, तो चुना खातो. तो जेवढं खाई, तेवढं जंतू रोज भरून काढत. सिमेंटची भिंत बांधून झाल्या दिवसापासून म्हातारी होते. ही होत नव्हती, फक्त तिला दर आठवड्याला टाकीतल्या ताज्या जंतूंचा फवारा लागे.

असा जंतू मोकाट सुटला तर काय होईल, या भीतीनं रेवतीची झोप उडाली होती. प्रवाळ, माशांचे कल्ले, जहाजांचे पंखे, सगळ्याचाच त्यानं दगड केला असता. म्हणून पहिल्या वाणाला, त्याचं नाव व-४, तिनं लगाम घातला. निसर्गात कुठंच न सापडणारं एक कृत्रिम अन्न मिळालं तरच तो जगायचा. ते अन्न फक्त आपल्याकडे बनायचं. जंतूच्या पोटात त्याचा साठा असे आणि प्रत्येक पिढीत तो थोडा थोडा कमी होई; साठा संपला की वंश संपला. पुढं तिला याहून चांगली युक्ती सुचली. व-५ या वाणाला कृत्रिम अन्न नको होतं, त्याला नारळाच्या काथ्यातला एक पदार्थ पुरत असे. जाळ्यावर बसला तर जगेल, जाळं सोडून भटकला तर मरेल. आणि कोरांडात दुसरं काही पिकत नसलं तरी नारळ पायलीचे पन्नास.

दोन वर्षांपूर्वी कोरांडाला व-५ गेला. निदान रेवतीची तशी समजूत होती.

त्या समारंभात बोलायला तिलाच उभं केलं होतं. आपले तिथले राजदूत उपेंद्र नेवाळकर, म्हणजे तिचाच नवरा. तो म्हणाला होता, भाषण लिहू नकोस, मनातलं बोल. मग ती मनातलं बोलली. आमच्या कोकणात घरात दही नसलं की शेजारी वाटी घेऊन जातात, शेजारीण चमचाभर विरजण देते. दूध विकतात, दही विकतात, पण विरजण? "विरजण कधी कोणी इकता काय गो?" असं तिची आई म्हणायची. एकदा मिळालं की रोज चमचाभर बाजूला काढायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या दुधाला लावायचं. तेवढं पाळलंत तर पुन्हा कुणाच्या दारी जायला नको. "हे आम्ही तुम्हाला दिलेलं विरजण आहे," ती म्हणाली होती. "आजपासून ते तुमचं."

कोरांडाच्या लोकांना ती गोष्ट इतकी आवडली की त्यांनी आपल्या उच्चारात जंतूचं नावच 'विरजन' ठेवलं. पहिल्या रांगेत बसलेली झैतून डोळे पुसत होती. आणि त्याच दुपारी तिनं एक गोष्ट केली. करारात एक कलम होतं: 'देखभालीसाठी लागणारं साहित्य भारत सरकार दरवर्षी पुरवील.' झैतूननं पेन काढून ते कलम खोडलं. आम्हाला शेजाऱ्यानं विरजण दिलंय, आम्ही रोज चमचाभर काढून ठेवू, दरवर्षी मागायला कशाला यायचं, असं तिचं म्हणणं. त्या बाण्याचं रेवतीला फार कौतुक वाटलं होतं. उपेंद्रनं कलमाशेजारी शांतपणे आपली सही केली होती.

आता निरोप मिळाल्यावर सहाव्या दिवशी रेवती कोरांडाला पोचली आणि विमानतळावरून तडक भिंतीवर गेली. झैतूननं भिंतीच्या माथ्यावर अंगठा दाबला. नखाएवढा तुकडा सुटला आणि तिनं तो बोटांत चुरला. त्याचा भुगा झाला, शिळ्या भाकरीचा होतो तसा. गेल्या महिन्यात दुसऱ्या राष्ट्राचे तज्ज्ञ येऊन पाहून गेले होते. समुद्र तापलाय म्हणून, असं त्यांचं मत पडलं होतं. झैतूनलाही तेच वाटत होतं. अकरा दिवसांनी वर्षातली सर्वांत मोठी भरती होती. भिंतीला पुन्हा घट्ट व्हायला दहा दिवस लागणार, म्हणजे जो काही इलाज करायचा तो उद्याच्या संध्याकाळच्या आत टाकीत पडायला हवा होता.

"आम्ही सगळं तू सांगितलंस तसंच केलं," झैतून म्हणाली. "एक दिवस चुकवला नाही." तिनं टाकीघरातलं कपाट उघडून दाखवलं. आत काचेच्या सातशेवर लहान बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. रोजची एक, रोजचा चमचा, वर तारीख. रेवतीला त्या बाटल्यांकडे बघवेना. का, ते तिला अजून कळलं नव्हतं.

दूतावासाच्या पाहुण्यांच्या खोलीत बसून तिनं टाकीतला एक थेंब आपल्या वाचनयंत्रात घातला. हे यंत्र तळहाताएवढं. जंतूची जनुकं वाचून तो कुठल्या वाणाचा, ते वीस मिनिटांत सांगतं. तिनं चहा मागवला. चहा आला, निवला, वर साय धरली. यंत्रानं पडद्यावर उत्तर दिलं: व-४.

तिला वाटलं थेंब चुकला. दुसरा घातला. मग सातशे बाटल्यांमधली सर्वांत जुनी, पहिल्या दिवसाची बाटली तिनं मागून आणली होती, तिच्यातला घातला. व-४. व-४. भिंत आजारी नव्हती, उपाशी होती. ज्या दिवशी ती माइकसमोर उभी राहून 'आजपासून ते तुमचं' म्हणाली, त्या दिवशीही टाकीत लगामवालाच जंतू होता, आणि लगाम कुणाच्या तरी हातात होता. सातशे दिवस ती माणसं श्रद्धेनं चमचाभर मरण बाजूला काढून ठेवत होती.

उपेंद्र जेवायच्या टेबलावर तिची वाट पाहत होता. सोलकढी तिच्यासाठी मुद्दाम करवून घेतली होती. वीस वर्षांचा संसार, त्यातला निम्मा विमानतळांवर भेटण्यातच गेलेला. तरी भेटले की तो तिच्या आवडीचं करवून घ्यायचाच. तिनं ताटाला हात लावला नाही. यंत्र त्याच्यापुढं ठेवलं आणि विचारलं, व-४ कुणी पाठवला?

तो नाकबूल जाईल, निदान दचकेल, अशी तिची अपेक्षा होती. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. सात माणसांना माहीत होतं, असं त्यानं सांगितलं. त्या सातांत तो होता. आठवं नाव तिचं होतं, ते त्यानंच यादीतून काढायला लावलं होतं.

"मला वाचवायला?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "तुला खोटं बोलता येत नाही म्हणून. ती विरजणाची गोष्ट मी सांगितली असती तर झैतूननं ते कलम तीनदा वाचलं असतं. तू सांगितलीस, आणि तिनं ते खोडून टाकलं."

रेवतीला वाटत होतं की आपल्या शोधाचा गैरवापर झाला. तेवढ्यानंच ती हादरली होती. शोध ही त्यातली किरकोळ गोष्ट होती. वापर तिचा झाला होता. तिच्या चेहऱ्याचा, तिच्या आईच्या वाक्याचा, तिच्या भाबडेपणाचा. यंत्रं, करार, जहाजं यांच्या यादीत तिचा खरेपणाही एक साहित्य म्हणून मांडलेला होता. तो तिथं कुणी मांडला, हे विचारायची गरज नव्हती.

उपेंद्र दुष्ट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. तो तिला समजावून सांगत होता. दुसऱ्या राष्ट्राच्या युद्धनौका त्या बंदरात आल्या तर आपल्या तेलाची वाट त्यांच्या उंबऱ्यातून जाईल. आपण आता मोठे झालो आहोत, मोठ्यांना मोठ्यांसारखं वागावं लागतं. "इतकी वर्षं आपण नुसते चांगले होतो," तो म्हणाला. "चांगल्याला सगळे नमस्कार करतात आणि बंदर दुसऱ्याला देतात." आवळा देऊन कोहळा काढणं हे काम जगात सगळीच राष्ट्रं करतात, फक्त आपण आवळा देताना रडतो, असंही त्यानं वर जोडलं.

"एक्केचाळीस हजार माणसं आहेत, उपेंद्र."

"कुणी मरणार नाही. त्यांनी मागितलं की अन्न मिळेल."

"मागायचं काय, हेच त्यांना माहीत नाहीये. ती उन्हाला दोष देत बसलीयेत."

"हं," तो म्हणाला.

रेवती उठली. तिनं सरळ सांगून टाकलं की चार वर्षांपूर्वी व-४ची इथं चाचणी झाली होती, त्या वेळचा अन्नाचा एक डबा दूतावासाच्या शीतकपाटात आहे, मूळ टाकीला तो पुरेसा आहे, आणि तो घेऊन ती झैतूनकडे जाणार आहे. हे सरकारी गुपित फोडणं होतं. याला कोणती शिक्षा, ते तिला ठाऊक होतं, आणि त्यालाही. प्रयोगशाळा जाईल, नोकरी जाईल, बहुतेक तुरुंगही होईल. मग उपेंद्रनं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, शीतकपाटाची किल्ली वेगळी केली आणि टेबलावर तिच्या बाजूला सरकवली.

"मी अडवणार नाही," तो म्हणाला.

तेवढ्यासाठी तिनं त्याला मनातल्या मनात अर्धी माफी देऊन टाकली. वीस वर्षं अगदीच वाया गेली नाहीत, असं तिला डबा काखेत घेऊन बाहेर पडताना वाटलं.

टाकीघरात दुपारची पाळी बदलत होती. झैतूननं तिला आपल्या काचेच्या खोलीत बसवलं. रेवतीनं काही राखून ठेवलं नाही. व-४, व-५, लगाम, अन्न, सात माणसं, आपला नवरा; सगळं एका दमात सांगून टाकलं. यंत्रावरचं उत्तर दाखवलं. मग डबा उघडून फिकट पिवळी भुकटी दाखवली. अर्धा किलो आजच टाकीत घाल, भिंत उभी राहील, असं ती म्हणाली. झैतून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती उठली. पंतप्रधानांच्या कचेरीत फोन करायला हवा म्हणून ती बाहेर गेली, आणि जाताना रेवतीला मूळ टाकीजवळ थांब म्हणाली.

टाकीचं झाकण फवाऱ्यासाठी उघडलेलं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. रेवतीच्या हातात डबा होता. आठ-दहा मिनिटं ती तशीच उभी राहिली. भुकटी आत टाकायला एक मिनिट पुरलं असतं, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून त्याच्या भांड्यात न विचारता काही टाकायचं नसतं, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं. आधीच एकदा या लोकांच्या भांड्यात न सांगता बरंच काही टाकून झालं होतं. आता तरी यांना विचारून करू, असं तिनं ठरवलं, आणि ठरवल्यावर तिला जरा हलकंही वाटलं.

झैतून परत आली ती हात मागं बांधूनच. तिनं डब्याकडे पाहिलं, घेतला नाही. ही भुकटी भिंतीला जगवते, याचा पुरावा काय, असं तिनं विचारलं. रेवती म्हणाली, परीक्षानळीत घालून बघ. अर्धमेले जंतू अन्न मिळाल्यावर चार दिवसांनी हलायला लागतात. झैतून म्हणाली, चार दिवस माझ्याकडे नाहीत, उद्या संध्याकाळ आहे. आणि ही भुकटी विष असेल, तिनं राहिलेले जंतूही मारले, तर मला भिंत नाही आणि देशही नाही. तुझं यंत्र तुझंच आहे. मला कसं कळावं?

"माझ्याकडे बघ," रेवती म्हणाली. "मी खोटं बोलतेय असं वाटतं तुला?"

झैतूननं खरंच बघितलं, नीट, वेळ घेऊन.

"नाही," ती म्हणाली. "तू खरं बोलतेयस असं स्वच्छ दिसतंय. दोन वर्षांपूर्वीही असंच दिसलं होतं."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे रेवतीनं आयुष्यभर ऐकलं होतं. ते पोळवणारं दूध आपण असू, असं कधी मनात आलं नव्हतं. झैतूननं आवाज चढवला नाही. एखादं गणित फळ्यावर मांडावं तसं तिनं पुढचं मांडलं. तुमच्या सरकारला आमचं बंदर हवंय. ज्याला बंदर हवंय तो बंदराची भिंत पडू देणार नाही. तो जे अन्न देईल ते खरंच असणार, कारण त्यात त्याचा स्वार्थ आहे. त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन.

"तुला काय हवंय?" तिनं विचारलं.

"काही नको."

"तेच तर," झैतून म्हणाली.

डबा तिनं ठेवून घेतला, पण टाकीपाशी नाही, आपल्या टेबलावर. आणि तशीच ती मंत्रिमंडळाच्या बैठकीला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरांडाच्या सरकारनं आपल्या दूतावासाला अत्यंत नम्र शब्दांत पत्र धाडलं. भिंतीच्या पोषणासाठी लागणारं विशेष साहित्य तातडीनं मिळावं, ही विनंती. दक्षिण बंदराबाबतच्या आपल्या जुन्या प्रस्तावावर सकारात्मक विचार झाला आहे, हेही त्याच पत्रात होतं. दुपारी दोन वाजता सह्या झाल्या. बंदर साठ वर्षांसाठी. अडीच वाजता दक्षिण बेटाच्या नाकाडामागून एक पांढरं जहाज वळून आलं आणि धक्क्याला लागलं.

रेवती धक्क्यावर उपेंद्रच्या शेजारी उभी होती. तिला कुणी अटक केली नव्हती, कुणी काही विचारलंही नव्हतं. जहाजाकडे बघता बघता तिच्या डोक्यात हिशेब जुळायला लागला. सर्वांत जवळचं आपलं बंदर इथून चार दिवसांच्या वाटेवर, आणि पत्र तर आज सकाळी आलं.

"हे कधी निघालं?" तिनं विचारलं.

"गेल्या मंगळवारी."

गेल्या मंगळवारी तर झैतूनचा निरोप रेवतीला अजून पोचलाही नव्हता. तो निरोप दूतावासाच्या टपालातूनच आला होता, हे तिला आत्ता आठवलं; म्हणजे तिच्याआधी तो उपेंद्रनं वाचला होता. ती उपेंद्रकडे वळली. तो समोर बघत होता, हाताची घडी घालून, फोटोत उभा असतो तसा.

"तुला माहीत होतं, मी तिला सांगणार," ती म्हणाली.

"कुणीतरी सांगायला हवंच होतं," तो म्हणाला. "अन्न आमच्याकडे आहे, बंदर द्या, असं सरकारनं सांगितलं असतं तर ती धमकी झाली असती. जगभर बोंब झाली असती. आम्ही कुणाला काहीच म्हणालो नाही. त्यांनी मागितलं, आम्ही दिलं."

"आणि तिनं माझ्याकडचा डबा घेतला असता तर?"

"घेतला नसता," उपेंद्र म्हणाला. हे तो फुशारकीनं म्हणाला असता तर तिला त्याच्या थोबाडीत मारता आली असती. तो दमल्यासारखा म्हणाला. "रेवती, माणसं मी ओळखतो. तेच माझं काम आहे."

म्हणजे पहिल्या वेळी तिचा खरेपणा वापरला होता, आणि दुसऱ्या वेळी त्या खरेपणावर आता कुणी विश्वास ठेवणार नाही, हेही वापरलं होतं. देशाशी केलेला द्रोहसुद्धा तिला स्वतःचा करता आला नव्हता. तोही कामकाजाच्या टिपणात बसवलेला होता, किल्लीसकट. धक्क्याच्या लोखंडी खुंट्याला धरून ती खाली बसली. लोकांना वाटलं, ऊन लागलं बाईंना.

पेट्या टाकीघरात पोचल्या तेव्हा साडेतीन झाले होते. रेवती मागून चालत गेली. तिथं तिचं काही काम नव्हतं, पण दुसरीकडे जायला जागाही नव्हती. झैतूननं पहिली पेटी स्वतः फोडली. आत पत्र्याचे डबे होते. निवतीच्या प्रयोगशाळेची जुनी चिठ्ठी, निळं झाकण. तिनं एक डबा उघडला आणि थबकली.

मग ती काचेच्या खोलीत गेली आणि आपल्या टेबलावरचा डबा घेऊन आली. दोन्ही डबे तिनं शेजारी शेजारी ठेवले. तीच चिठ्ठी, तेच निळं झाकण, तीच फिकट पिवळी भुकटी. तिनं एकातली चिमूट घेतली, चोळली, हुंगली. दुसऱ्यातली घेतली, चोळली, हुंगली. साठ वर्षांचं बंदर देऊन विकत आणलेली वस्तू काल दुपारपासून तिच्याच टेबलावर पडून होती. पाळीवरची माणसं फवारे जोडत होती, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. झैतूननं बोटांवरची भुकटी पुसली. ती रेवतीपाशी आली.

"काल मी फोन करायला बाहेर गेले होते," ती हळू म्हणाली. "टाकीचं झाकण उघडं होतं. तू इथं एकटी होतीस."

"हो."

"मग टाकलं का नाहीस?"

"तू हो म्हणाली नव्हतीस," रेवती म्हणाली.

झैतून तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणूनच रेवतीला ते बघणं सोसवेना.

"तुम्ही लोकांनी इतकं सगळं आम्हाला न विचारता केलंत," झैतून म्हणाली. "आणि जे न विचारता करायला हवं होतं, तेवढंच तू विचारत उभी राहिलीस."

तिनं जहाजातून आलेला डबा उचलून टाकीत उपडा केला. पिवळी भुकटी पाण्यावर पसरली आणि हळूहळू खाली बसली. रेवतीच्या डब्याचं झाकण तिनं घट्ट लावलं, फडक्यानं पुसलं, आणि तो तिच्या हातात परत दिला.